कानात सांगितलेला उंबरा

अनंत चतुर्दशीच्या सकाळी शलाका गायधनी आणि तिचे वडील यांच्यात जे वाजलं, ते पोह्यांत मीठ कमी आहे इथून सुरू झालं आणि बघता बघता गणपतीच्या मिरवणुकीवर येऊन ठेपलं.

“मी जाणारे,” मुरलीधरराव म्हणाले. “आपल्या मंडळाच्या ताशापुढं चालणारे. वाकडी बारवेपासून रविवार कारंजापर्यंत. त्याच्या पुढं नाही, म्हणजे तुझंही समाधान.”

“दादा, तिथं गर्दी किती असते!”

“गर्दी नसली तर तिला मिरवणूक कोण म्हणेल?”

मुरलीधरराव एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. उभी हयात त्यांनी कसारा घाटात गाडी चालवली आणि दर गणपतीत रजा टाकून नाशकातल्या संगम तरुण मंडळाचा ताशा वाजवला. मंडळातले तरुण आता रात्री गुडघ्यांना तेल चोळून झोपतात, पण नाव बदलायची सूचना आजवर कुणी मांडलेली नाही. पुढे मुरलीधररावांना पार्किन्सनने गाठलं. उजवा हात थरथरायला लागला, ताशाच्या काड्या सुटल्या. ते एक वेळ त्यांनी गिळलं. मग पाय रुतायला लागला. चालता चालता माणूस दारातच थांबायचा, मेंदू ‘चल’ म्हणायचा आणि पाऊल काही केल्या उचलायचं नाही. घाटातली वळणं झोपेतही घेणारा माणूस मोरीपर्यंत जायला मुलीचा हात शोधू लागला. त्यांनी घराबाहेर पडणंच सोडून दिलं. लोक पडण्याच्या भीतीने घरात बसतात, तसे ते बसून राहिले.

आणि मग ‘तोल’ आलं.

तोल म्हणजे दोन नडग्यांना बांधायच्या दोन पट्ट्या. दिसायला क्रिकेटवाल्यांच्या पॅडची धाकटी भावंडं. पट्टीला नडगीची बारीकसारीक थरथर कळते. ती ही थरथर अखंड कळवत राहते एका प्रोग्रॅमला, आणि तो प्रोग्रॅम त्या एकाच माणसाचं चालणं शिकलेला असतो. हा माणूस आता रुतणार, आता अडखळणार, हे प्रोग्रॅमला त्या माणसाच्या आधी कळतं. लगेच तो पट्टीला हुकूम देतो, पट्टी स्नायूला विजेचा हलकासा झटका देते आणि पाय उचलला जातो. हे सगळं पापणी लवायच्या आत व्हावं लागतं, म्हणून तो प्रोग्रॅम दूरदेशी ठेवून चालत नाही. प्रत्येक मोठ्या शहरात तोलचं आपलं केंद्र असतं. तिथल्या खोलीभर यंत्रांची एक टोळी मिळून एकच यंत्र असल्यासारखं काम करते. तिला म्हणायचं क्लस्टर. त्या क्लस्टरमध्ये दर पट्टीधारकामागे प्रोग्रॅमची एक प्रत, आपापल्या बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालू असते. एका डब्यातलं सांडलं तरी दुसऱ्या डब्याला डाग लागत नाही.

नाशिकच्या या क्लस्टरची देखरेख करणं, ही शलाकाची नोकरी. तरीही वडिलांच्या पट्ट्या तिने इतरांसारख्या रांगेत थांबून घेतल्या होत्या. वशिला लावला असं कुणी म्हणेल, याचा तिला फार धाक. एक गोष्ट मात्र ती करायची. कंपनी नातेवाइकांना फोनवर एक ठिपका दाखवते. माणूस चालत असला की हिरवा, बसला की निळा आणि ढळला की तांबडा. शलाका तो ठिपका दिवसभर बघायची. जेवताना, मीटिंगमध्ये, भाजी घेताना.

“तू मला बघतेस का त्या ठिपक्याला?” मुरलीधरराव मागे एकदा वैतागून म्हणाले होते. “मी इथं समोर बसलोय आणि तू फोनात डोकं घालून विचारतेस, दादा, बसलात का?”

त्या सकाळी मात्र त्यांनी वाद लांबवला नाही. शलाका शेवटी “जा मग!” म्हणाली. या दोन शब्दांचा अर्थ कोणत्याही घरात ‘गेलात तर बघा’ असाच होतो. मुरलीधररावांनी तो सोयीस्करपणे शब्दशः घेतला आणि टोपी शोधायला लागले.

दुपारी शलाका केंद्रात आली तेव्हा हर्षद कोठावदे पडद्यासमोर बसून मोदक खात होता. हर्षद तिचा हाताखालचा इंजिनिअर. हुशार, मनाने लोण्यासारखा आणि कुणाचं काही अडलं की न विचारता धावणारा.

“ताई, आज बघा गंमत,” तो म्हणाला. “मागच्या वर्षी मिरवणुकीच्या रस्त्यावर आपले पट्टीवाले मोजून दहा-बारा होते. या वर्षी सगळं म्हातारं नाशिक रस्त्यावर आलंय.”

पडद्यावर शहराचा नकाशा होता. वाकडी बारवेपासून मेन रोडपर्यंत हिरव्या ठिपक्यांची दाटी झाली होती. शलाकाला बरं वाटलं. कित्येक वर्षं खिडकीतून मिरवणूक बघणारी माणसं आज तिच्या क्लस्टरच्या भरवशावर खाली उतरली होती. त्यातला एक ठिपका आपल्या घरचा आहे, हेही तिच्या मनात आलं आणि सकाळचा राग थोडा उतरला.

तेवढ्यात एक ठिपका तांबडा झाला. मग त्याच्या शेजारचा. मग एका पाठोपाठ एक, देवापुढे निरांजनं लावत जावं तसे, मिरवणुकीच्या रस्त्याने तांबडे ठिपके पेटत गेले.

मदतीच्या फोनवर बायका-पुरुष एकच तक्रार करत होते. भद्रकालीतल्या एक बाई म्हणत होत्या, “मी नुसती उभी आहे हो! पाय आपोआप उडतोय. कुणी लाथ मारतंय का वाटून मागं वळून बघितलं.” एक गृहस्थ पायरीवरून घसरून कोपर सोलून बसले होते. मोठं कुणाला लागलं नव्हतं. अजून नव्हतं.

हर्षदने मोदक बाजूला ठेवला आणि त्या बाईंच्या नडगीची थरथर पडद्यावर उलगडली. शलाकाने ती बघितली मात्र, आणि तिच्या लक्षात आलं.

“हे ढोल आहेत,” ती म्हणाली.

एक ढोल वाजला तर कानाला कळतं. पन्नास ढोल एका ठेक्यात वाजले की रस्त्याला कळतं. डांबर थरथरतं, डांबरावरचा पाय थरथरतो, आणि अडखळण्याआधी नडगीत जी बारीक थरथर येते ती अशीच असते. बिचारी प्रत समजत होती की आपला माणूस पडतोय. ती त्याला सावरायला झटका देत होती, आणि नीट उभा असलेला माणूस त्या झटक्यानेच हेलपाटत होता. कंपनीने तोलची चाचणी जिन्यावर घेतली होती, बसमध्ये घेतली होती, ओल्या फरशीवर घेतली होती. नाशिक ढोलाच्या पुढ्यात उभं राहून कुणी घेतली नव्हती. कारण पार्किन्सनचा माणूस तिथं जाईल, हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तोल नसतं तर तो गेलाही नसता.

शलाकाने फोन बघितला. दादांचा ठिपका वाकडी बारवेपाशी होता, हिरवा. संगम मंडळ रांगेत मागे होतं, ढोल अजून सुरू व्हायचे होते.

केंद्राचे प्रमुख पिंगळे सर धावत आले. पन्नाशीचा सावध माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “सगळं बंद करता येईल?”

“बंद केलं तर हजारभर माणसं भर गर्दीत एकदम रुतून उभी राहतील, सर. मागून ट्रॅक्टर येतायत.”

“मग?”

“उंबरा वाढवायचा. चालू असतानाच.”

किती थरथर झाली म्हणजे अडखळणं समजायचं, त्या मर्यादेला केंद्रात सगळे उंबरा म्हणायचे. हा आकडा प्रोग्रॅमच्या पोटात नसतो, बाहेर असतो. आणि तो प्रतीला सांगायच्या दोन रीती असतात. पहिली रीत फळ्याची. प्रत्येक डब्यात एक फळा टांगलेला असतो. प्रत आपलं काम करता करता अधूनमधून त्याच्याकडे बघते. केंद्रातून एकदा नवा आकडा लिहिला की तो सगळ्या डब्यांतल्या फळ्यांवर उमटतो, प्रती तो वाचतात आणि काम न थांबवता नव्या आकड्याने वागायला लागतात. दुसरी रीत बारशाची. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, तसा प्रत सुरू होतानाच तिच्या कानात आकडा सांगायचा. मग फळ्यावर काहीही लिहा, ती मान वर करून बघत नाही. जन्मताना ऐकलं तेच तिच्यासाठी खरं. तिला नवं काही सांगायचं तर ती बंद करून पुन्हा जन्माला घालावी लागते, आणि पुन्हा जन्मलेली प्रत आपल्या माणसाची चाल ओळखेपर्यंत पाऊण मिनिट जातं. तेवढा वेळ पट्ट्या मुक्या. म्हणून नाशिकमध्ये सगळ्या प्रतींना फळाच ठेवला होता.

“उंबरा वाढवला आणि कुणी खरंच अडखळलं तर?” पिंगळे सरांनी विचारलं.

“तर तोल त्याला थोडं उशिरा सावरेल. धोका आहेच, सर. पण आत्ता तोलच त्यांना पाडतंय.”

पिंगळे सर तिच्याकडे वळले. “शलाका, तुझे वडील तिथे आहेत म्हणून घाई होत नाहीये ना?”

प्रश्न बोचला, पण चुकीचा नव्हता. तिने तो प्रश्न स्वतःला आधीच विचारला होता.

“ते आहेत म्हणूनच हळू करतेय,” ती म्हणाली. “आधी फक्त भद्रकालीतल्या थोड्या प्रतींना देते. त्या स्थिरावल्या तर सगळ्यांना.”

पिंगळे सरांनी मान हलवली. तिने आकडा लिहिला. भद्रकालीतले मूठभर ठिपके क्षणभर तांबडेच राहिले. मग एक हिरवा झाला. मग दुसरा. मदतीच्या फोनवरच्या त्या बाई म्हणाल्या, “थांबलं हो! काय केलंत? आता छान उभी आहे मी. ऐका, ढोल ऐका!” आणि त्यांनी फोन ढोलाकडे धरला. तो दणदणाट ऐकून पिंगळे सर त्या दिवसात पहिल्यांदा हसले.

शलाकाने तोच आकडा सगळ्यांना लिहिला. नकाशावरची तांबडी ओळ एका टोकापासून विझत गेली. हर्षदने टाळी वाजवली आणि राहिलेला मोदक उचलला.

“एक राहिलाय,” शलाका म्हणाली.

वाकडी बारवेच्या जरा पुढे एकच ठिपका तांबडा होता. केंद्राच्या नकाशावर ठिपक्यांना नावं नसतात. पण तिच्या हातातल्या फोनवर होतं.

“दादा आहेत,” ती म्हणाली. “हर्षद, दादांच्या प्रतीने फळा वाचला का नाही?”

मोदक त्याच्या हातातच राहिला होता.

“हर्षद?”

“ताई, काकांच्या प्रतीला मी फळ्यावरून काढलंय,” तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. “आषाढात वरून ती नवी सेटिंग आली होती ना, सगळ्यांचे पाय जड झाले होते. काका दोन दिवस उठले नव्हते. तुम्ही कॅन्टीनमध्ये रडत होतात, मी बघितलं. मला वाटलं, आपल्या घरचं माणूस आहे, त्यांना हा ताप कशाला? म्हणून त्यांचा आकडा सुरुवातीलाच कानात सांगून टाकला. वरचं कुणी काही बदललं तरी त्यांना धक्का लागू नये म्हणून.”

“आणि उंबरा किती ठेवलास?”

“कमी. सगळ्यांपेक्षा कमी. त्यांना जास्त जपावं म्हणून.”

म्हणजे नाशिकमधल्या सगळ्या म्हाताऱ्यांत ढोलाचा सर्वांत जास्त मार एकट्या मुरलीधर गायधनींना बसत होता. जी रांग मोडू नये म्हणून शलाका जपत आली, ती कुणीतरी प्रेमापोटी तिच्या पाठीमागे मोडून ठेवली होती. तिला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण ओरडायला वेळ नव्हता, आणि त्याचं तोंड बघून ओरडवलंही नसतं.

तिने दादांना फोन लावला. वाजत राहिला. ढोलात फोन कुणाला ऐकू येणार? मग तिने कुसुमकाकूंना व्हिडिओ कॉल लावला. मंडळाचा ताशा आता दादांचे जुने मित्र बबनकाका वाजवत, आणि त्यांच्या पत्नी कुसुमकाकू मिरवणुकीच्या रस्त्यावरच्या आपल्या गच्चीतून दरवर्षी सगळ्या मंडळांना गुण देत.

काकूंनी फोन उचलला. “शलू! अगं, तुझा बाप काय नाचतोय! बघ, बघ!”

त्यांनी कॅमेरा खाली फिरवला. बबनकाका ताशा वाजवत होते, मागे ढोलांच्या रांगा होत्या, आणि मध्ये गुलालाने माखलेले मुरलीधरराव. त्यांचा डावा पाय उडत होता, मग उजवा. ते पुढे झुकत होते, सावरत होते, पुन्हा झुकत होते. भोवतीची माणसं शिट्ट्या मारत होती. एकाने त्यांच्यावर आणखी गुलाल उधळला. शलाकाने वडिलांचा चेहरा बघितला. नाचणाऱ्या माणसाचा तो चेहरा नव्हता. ते दात आवळून उभं राहायचा प्रयत्न करत होते आणि त्यांच्या मागून, फार लांब नाही, गणपतीचा ट्रॅक्टर येत होता.

“काकू, ते नाचत नाहीयेत! पट्ट्या बिघडल्यात. ढोल थांबवा, काहीतरी करा, त्यांना धरायला सांगा कुणाला तरी!”

“अगं बाई!” काकू म्हणाल्या, आणि मग गच्चीवरून त्यांचा आरडाओरडा सुरू झाला. “अहो! अहो, मुरलीभाऊंना धरा! ऐकता का!” पण बबनकाका डोळे मिटून वाजवत होते, आणि पन्नास ढोलांपुढे काकूंच्या आवाजाचं काय चालणार?

शलाकापुढे आता दोनच वाटा होत्या. प्रत तशीच चालू ठेवली तर पुढचा नाही तर त्याच्या पुढचा झटका त्यांना पाडणार. प्रत बंद करून नव्याने सुरू केली तर झटके थांबतील, पण पाऊण मिनिट त्यांना काहीच आधार नसेल. ते भर रस्त्यात रुततील. धक्का लागला तर पाऊल पुढे टाकता येणार नाही. ट्रॅक्टर पुढे आला तर बाजूला होता येणार नाही. दीड वर्षात त्यांनी पट्ट्यांशिवाय एक पाऊल टाकलेलं नव्हतं.

“मी करू का?” हर्षदने विचारलं. त्याचे डोळे भरले होते.

“नको. मीच करते.”

तिने दादांची प्रत बंद केली आणि नवीन सुरू करायचा हुकूम दिला. या वेळी कानात काही सांगितलं नाही. फळा टांगला.

फोनमध्ये मुरलीधरराव एकदम थांबले. पाय उडायचे बंद झाले. ते ताठ उभे राहिले, दोन्ही हात जरा वर, आणि हलेनात. शलाकाला तो थांबा चांगला ओळखीचा होता. स्वयंपाकघराच्या दारात, मोरीच्या दारात, कितीदा तरी तिने तो बघितला होता. ट्रॅक्टर पुढे सरकला. भोवतीची माणसं पुढे सरकली. कुणाचा तरी खांदा त्यांना लागला आणि ते डुलले.

“चला, दादा,” ती फोनला म्हणाली. त्यांना ऐकू जाणार नाही, हे माहीत असून म्हणाली.

मुरलीधररावांनी मान वळवली. त्यांनी बबनकाकांकडे बघितलं, म्हणजे बबनकाकांच्या हातांकडे. ताशा तर्रर्र करून चढत गेला, समेवर ढोल पडला, आणि ढोलाबरोबर मुरलीधररावांचा डावा पाय उचलला गेला. पुढचा ढोल पडला, उजवा उचलला. मग डावा. मग उजवा. झटका नव्हता, हेलपाटा नव्हता. ते चालत होते. पट्ट्या मुक्या होत्या, प्रत अजून डोळे चोळत होती, आणि तिचा बाप ताशापुढे छाती काढून चालला होता.

“ताई, हे कसं?” हर्षद पुटपुटला.

कसं ते शलाकाला माहीत होतं, फक्त विसरली होती. आजारात मेंदूची आपणहून पाऊल उचलायची वाट बुजत जाते. पण बाहेरून ठेका मिळाला तर मेंदू त्याला दुसऱ्या वाटेने पायापर्यंत पोचवतो. आजार नवा होता तेव्हा फिजिओथेरपीवाल्या बाईंनी ठेका देणारं एक छोटं यंत्र दिलं होतं. दादांनी ते “याला लय नाही, नुसती टकटक आहे” म्हणून परत केलं आणि आपल्या बोटांनी टेबलावर ताशा वाजवून मोरीपर्यंत जायला लागले होते. मग तोल आलं. टेबलावरचा ताशा कधी थांबला, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्याही नाही. ती ठिपका बघत होती.

ठिपका हिरवा झाला. नव्या प्रतीने फळा वाचला होता. मुरलीधररावांच्या चालीत काही फरक पडला नाही.

शलाका खुर्चीत बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि फोनमध्ये काकू विचारत होत्या, “अगं, पण मग आता नाचतोय का चालतोय ते तरी सांग, म्हणजे मी गुण देते!” पिंगळे सरांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि तोंड फिरवून चष्मा पुसत बसले. हर्षद तर सरळ टेबलावर डोकं ठेवून बसला होता. तिने त्याच्या डोक्यावर एक टपली मारली. तेवढंच काय ते ती त्याला रागावली.

संध्याकाळी मुरलीधरराव बबनकाकांच्या स्कूटरवरून घरी आले. कानापर्यंत गुलाल, आवाज बसलेला. रविवार कारंजाच्या पुढे न जायचा शब्द त्यांनी अर्थातच पाळला नव्हता.

“मध्ये तुझं यंत्र गेलं होतं ना?” खुर्चीत बसता बसता ते म्हणाले.

“तुम्हाला कळलं?”

“इंजिन बंद पडलेलं ड्रायव्हरला कळत नाही का?”

“घाबरलात?”

“घाबरलो की,” ते म्हणाले. “लई घाबरलो. वाटलं, आता इथंच रुतणार आणि शलू म्हणणार, बघा, मी सांगितलं होतं. मग म्हटलं, बबन्या बेताल वाजवतोय का काय ते तरी बघू.”

तिने त्यांना सगळं सांगितलं. फळा, बारसं, हर्षदची माया. हर्षदचा भाग ऐकून ते खूप हसले.

“पोरगं चांगलं आहे. पण त्याला सांग, साहेबाच्या बापाला मान म्हणून पुढचं सीट देतात, आणि काच फुटली की तुकडे पहिले त्यालाच लागतात. मला आपलं मधलं सीट दे. सगळ्यांबरोबर.”

“दिलंय,” शलाका म्हणाली. “दादा, सकाळी मी ओरडले.”

“तुझंही खोटं नव्हतं. पडलो असतोच.” त्यांनी टोपीवरचा गुलाल झटकला. “पण गेलो नसतो तर चालता येतं हे कळलंही नसतं.”

तिने उठून त्यांच्या कानामागचा गुलाल ओल्या फडक्याने पुसला, आणि त्यांनी पुसू दिला.

पुढच्या आठवड्यात पिंगळे सरांनी डॉक्टरांना बोलावून बैठक घेतली. शलाकाने तिथं एक नवी सेटिंग मांडली. भोवती ठेका चालू असेल तर तोलने झटका द्यायची घाई करू नये. आधी माणूस ठेक्यावर चालतोय का ते बघावं, चालत असेल तर हात आखडून सोबत राहावं, आणि खरंच पडायला लागला तरच धरावं. डॉक्टरांनी बरेच प्रश्न विचारले, मग थोड्या लोकांवर, थोडे दिवस करून बघायला हरकत नाही म्हणाले. ती सेटिंग फळ्यावर गेली. कुणाच्याही कानात नाही.

रविवारी सकाळी शलाकाला खडखडाटाने जाग आली. बाहेरच्या खोलीत कुणीतरी टेबलावर बोटं वाजवत होतं. तर्रर्र, मग ठोका. तर्रर्र, मग ठोका. पट्ट्या तिच्याच खोलीत चार्जिंगला लावलेल्या होत्या, दोन्ही. ती धडपडून अर्धी उठली. फोन उशाजवळ पालथा पडला होता. तिचा हात सवयीने तिकडे गेला.

बाहेर खुर्ची सरकली. एक पाऊल पडलं. मग दुसरं. सावकाश, पण ठोक्याला धरून. पावलं स्वयंपाकघराच्या दारापाशी आली. तिथं ती नेहमी थांबायची. दाराच्या चौकटीवर बोटं वाजली, तर्रर्र, मग ठोका, आणि पावलं आत गेली. लायटरचा आवाज आला. गॅस पेटला.

“शलू, तुझापण चहा टाकू का गं?”

“टाका,” ती म्हणाली. फोन तसाच पालथा राहिला. तिने चादर वर ओढली, कूस बदलली आणि पुन्हा डोळे मिटले.